टॉलंडबाबांचं लिमरिकला जाणं

रग्बी नावाचा एक खेळ जगात आहे, हे नसरुद्दीन परकारला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं. दाभोळच्या खाडीत मचव्यावर वाढलेला माणूस. पोरवयात हुतूतू खेळला, मग लग्न झालं, शरफुन्निसाला आईजवळ ठेवून रियाधला आला आणि खेळबिळ सगळं संपलं. इथे एका मोठ्या इस्पितळाच्या नर्सांची वसाहत होती. तिथल्या बागेला पाणी घालायचं, नळ गळला तर बघायचं, गॅसचे सिलिंडर उचलायचे, हे त्याचं काम. नव्वद सालच्या जुलैत तिथल्या सिस्टर यूनाने आपल्या म्हाताऱ्या बापाला आयर्लंडहून दोन महिन्यांसाठी आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्या म्हाताऱ्याने हिरवळीवर उभं राहून नसरुद्दीनच्या पोटात कलिंगड फेकून मारलं.

"पकड!" म्हातारा ओरडला.

पकडतोय कसला! कलिंगड फुटलं, नसरुद्दीन पाइपासकट मागे बसला आणि म्हातारा हसून हसून खोकायला लागला. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, पण खांदे बघाल तर दाराच्या चौकटीएवढे. नाक दोन ठिकाणी मोडलेलं, डावा कान फुलकोबीसारखा, पुढचे दात गायब. नाव मॅलॅकी टॉलंड. नसरुद्दीनने त्याच संध्याकाळी त्यांचं टॉलंडबाबा करून टाकलं. वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची आपल्यात रीत नाही, मग तो गोरा असला म्हणून काय झालं?

बाबा आयर्लंडकडून खेळलेले. आयर्लंड नवा नवा मोकळा झाला होता, त्या काळची गोष्ट. ऑगस्टभर रोज दुपारी सावलीत खुर्ची टाकून ते सोप्या इंग्रजीत आणि हातवारे करकरून नसरुद्दीनला ती गोष्ट सांगायचे. लिमरिक गावात नदीकाठी घर, बाप गोदीवर हमाल आणि बाबा स्वतः चौदाव्या वर्षापासून डुकराच्या मांसाच्या कारखान्यात. हे ऐकल्यावर नसरुद्दीनने हातातला चहा खाली ठेवला.

"तौबा तौबा! बाबा, मला सांगितलंत ते सांगितलंत, इथे दुसऱ्या कुणाला सांगू नका."

"अरे, अख्खं धूड खांद्यावर टाकून जिना चढायचो मी," बाबा म्हणाले. "हे खांदे काय मला आईने दिले?"

या खांद्यांसाठीच त्यांना देशाच्या संघात उचललं. रग्बीत चेंडू म्हणे कलिंगडासारखा लांबट, आणि दोन्हीकडचे आठ आठ गडी एकमेकांच्या खांद्यात खांदे अडकवून, डोकी खाली घालून बैलांसारखे भिडतात. ते नसरुद्दीनला समजलं. पण पुढे पळायचं आणि चेंडू मात्र मागच्याला द्यायचा, पुढे फेकायचाच नाही, हे काही त्याच्या गळी उतरेना. "मग माणूस पोचणार कधी?" असं तो पुन्हा पुन्हा विचारायचा, आणि बाबा पुन्हा पुन्हा कलिंगड मागवायचे. शेवटी यूनाने तंबी दिली की फळं खायला आणते, आपटायला नाही.

देशाच्या संघात बाकीचे सगळे डॉक्टरांची, वकिलांची पोरं. कारखान्यातला हा एकटा. बूट शेजाऱ्याचे, त्यात पुढे कागद कोंबलेला. डब्लिनला वेल्सविरुद्ध सामना झाला, आणि त्यात बाबांचं नाक मोडलं, दात गेले आणि खांदा निखळला. पुढच्या मोसमात खांदा बसेना, म्हणून नाव कापलं गेलं. म्हणजे देशाकडून खेळले ते एक दुपार. त्या एका दुपारीवर माणूस साठ वर्षं जगला हो! पुढे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केली, नोराशी लग्न केलं, तीन मुलगे अमेरिकेला गेले ते तिकडचेच झाले आणि यूना निघाली अरबस्तानात. नसरुद्दीनला वाटायचं, अरे, हे तर आमच्या दाभोळसारखंच झालं. धडधाकट माणूस सगळा परदेशात, आणि गावात म्हातारेकोतारे दाराकडे डोळे लावून बसलेले.

"पण सामना जिंकलात की हरलात?" त्याने एकदा विचारलं.

"पाऊस फार होता," बाबा म्हणाले.

चहाचा ट्रे घेऊन आलेली यूना मागूनच बोलली, "हरले. सपाटून हरले."

हरले तरी टोपी मिळाली होती. देशाकडून पहिल्यांदा खेळलं की टोपी देतात, ही गोष्ट नसरुद्दीनला एकदम पटली. मोठ्या कामाला माणसाने डोकं झाकून जावं, बरोबरच आहे. हिरव्या मखमलीची टोपी, पुढे गोंडा, कसरीने दोन ठिकाणी खाल्लेली. बाबा ती घेतल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. आणि नोरा अकरा वर्षांपूर्वी गेली होती, लिमरिकच्या कबरस्तानात नदीकडेच्या भिंतीशी तिची कबर. तिथल्या दगडावर तिच्याखाली बाबांनी स्वतःचंही नाव कोरून घेतलेलं, फक्त साल मोकळं. "जागा राखून ठेवलीय," ते खुशीत सांगायचे. "ती उजवीकडे झोपायची, तशीच आहे. डावीकडे मी."

सप्टेंबरात ते परत जायचे होते. पण ऑगस्टच्या दोन तारखेला तिकडे कुवेतमध्ये रणगाडे घुसले, आणि महिनाअखेरीला इकडे बाबांच्या डोक्यातली एक शीर फुटली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, विमानाचं नाव चार महिने काढायचं नाही.

यूना दिवसभर ड्युटीवर. बाबांचं धूड उचलायला कुणीतरी दांडगा माणूस हवा, म्हणून तिने नसरुद्दीनच्या कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या अरब मालकाला, गळ घालून त्याला सकाळ-दुपार घरी मागून घेतलं. इस्पितळातली एक फिलिपिनो बाई येऊन त्याला शिकवून गेली: समोर बसायचं, एक शब्द सावकाश म्हणायचा, आणि त्यांनी तो म्हणेपर्यंत थांबायचं. वॉटर. टी. ब्रेड. चार दिवसांत नसरुद्दीनचा इंग्रजीचा साठा आटला. मग तो पाणी, चहा, भाकर यांवर आला, मग अरबी यल्ला आणि खलासवर, म्हणजे चला आणि संपलं. नोव्हेंबरात यूना एकदा घरी लवकर आली, तर तिचा बाप, आयर्लंडचा जुना गडी, दाभोळच्या हेलात "मासळी" म्हणत होता. ती दारातच बसली आणि हसता हसता रडायला लागली.

एक मात्र होतं. म्हाताऱ्याला जे म्हणायचं नसे ते तो म्हणत नसे. नसरुद्दीनने एकदा "थकलो" म्हणायला सांगितलं. ओठ घट्ट. "हरलो" म्हटलं, तर मान भिंतीकडे. दूध आवडायचं नाही, तर मिल्क हा शब्दसुद्धा तोंडातून काढला नाही. कितीही लाडीगोडी लावा, ढिम्म. बाकी सगळं म्हणायचा, आणि न सांगता आपल्या आपण दोनच शब्द म्हणायचा. "होम. नोरा."

"जायचं हां, बाबा," नसरुद्दीन म्हणायचा. "तुम्हाला लिमरिकला पोचवल्याशिवाय मी काय सोडत नाही."

तो हे असंच बोलत नव्हता. त्याची आई तीन वर्षांपूर्वी शेवटच्या आजारात पडली, तेव्हा त्याचा पासपोर्ट कफीलच्या कपाटात होता आणि कफील कुठेतरी लग्नाला. ती गेल्याची तार आली तेव्हा तिला माती देऊन झाली होती. आमच्या कोकणात माणूस जायला लागला की घरचं कुणीतरी उशाशी बसतं, कानाशी कलमा म्हणतं, अल्ला एकच आणि पैगंबर त्याचा दूत ही साक्ष, म्हणजे जाणाऱ्याच्या जिभेवर शेवटी तेच नाव यावं. आईच्या कानाशी मोठा मुलगा नव्हता. शरफुन्निसा डॉक्टरला आणायला धावली होती, उशाशी होती ती शेजारची खतीजा. या गोष्टीची त्याला अशी काही लाज वाटायची की शरफुन्निसाकडेही त्याने कधी ती बोलून दाखवली नाही.

डिसेंबरात बाबा काठी धरून चार पावलं टाकायला लागले. डॉक्टरांनी विमानाला हो म्हटलं. यूनाने विमान ठरवलं, अठरा जानेवारीचं. टोपी बॅगेत वरच ठेवली. आणि सतराच्या पहाटे कुवेतवरून लढाई सुरू झाली! एक दिवस, हो, एक दिवस! नेमका तेवढा एक दिवस लढणाऱ्यांना धीर धरवला नाही. विमानतळ लढाऊ विमानांना दिला आणि तुमच्याआमच्यासाठी बंद. यूनाने फोन करकरून बोटं झिजवली. सगळीकडून एकच उत्तर, लढाई संपल्यावर बघू.

मग रियाधवर रॉकेटं यायला लागली. भोंगा झाला की यूना बाबांना न्हाणीघरात न्यायची, दाराच्या फटीला ओले टॉवेल लावायची. विषारी वायूसाठी तिला इस्पितळातून मुखवटा मिळाला होता. बाबा पाहुणे म्हणून आलेले, त्यांना नाही. ती आपला मुखवटा बापाच्या तोंडावर चढवायची आणि मोडक्या नाकामुळे तो धड बसायचाच नाही. बाबा तो काढून तिच्या तोंडाला लावायचे. बापलेकीचं हे भांडण भोंगा थांबेपर्यंत चालायचं, असं तिनेच नसरुद्दीनला सांगितलं.

नसरुद्दीनला वाटलं, जेद्द्याहून काहीतरी जमेल. तिथे शराफिया मोहल्ल्यात त्याचा चुलतभाऊ उमैर होता, त्याच्या चार ओळखी होत्या. गाडी करून जेद्द्याला जायचं, तिथून विमान. पण परक्या माणसाला एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं तर कफीलचं पत्र लागतं, नाहीतर पहिल्याच नाक्यावर उतरवतात. आणि कफील? कफील रॉकेटांच्या भीतीने बायकामुलांना घेऊन ताइफला डोंगरात जाऊन बसला होता. नसरुद्दीनने तिथे फोन लावला.

"लढाई संपू दे, मग बघू," कफील म्हणाला. "कुठेही जाऊ नकोस. यल्ला."

"अरे शेख, म्हातारा माणूस आहे हो—"

"खलास," कफील म्हणाला आणि फोन ठेवला.

कफील बिचारा वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, झालं. पण त्या दिवशी नसरुद्दीनने त्याला दाभोळी भाषेत जे जे ऐकवलं ते फोन बंद असल्यामुळेच खपलं. आणि पत्र मिळूनही काय होणार होतं? त्याच आठवड्यात न्हाणीघराच्या गार फरशीने बाबांच्या छातीत कफ धरला. डॉक्टर म्हणाले, जेद्द्याचं नाव काढू नका, हा माणूस गाडीतच जाईल. बाबांना इस्पितळात ठेवलं. यूनाची ड्युटी तिथेच, तेवढंच बरं.

फेब्रुवारी लागला. बाबा उतरत चालले होते ते कुणाला सांगायला नको होतं. यूनाला तिच्या धर्माचा पाद्री हवा होता, शेवटचं तेल लावायला. या शहरात पाद्री आणायचा कुठून? अमेरिकन फौजेत असतात म्हणे, पण फौजेच्या फाटकाशी तिला कोण उभं करणार? मोठ्या डॉक्टरांनी एवढं मात्र कबूल केलं होतं, की तसंच काही झालं तर विमानतळ उघडेपर्यंत त्यांना शवागारात ठेवू आणि मग नेता येईल. जिवंत नाही तर नाही, पण बाप लिमरिकला पोचेल, नोराशेजारी निजेल, या एका गोष्टीवर ती बाई उभी होती.

मग एका दुपारी सगळ्या नर्सांना तळघरात बोलावलं. विषारी वायूचे जखमी आले तर काय करायचं, याची तालीम होती. तालीम! खरा जखमी एक नाही. यूनाने सुटी मागितली, मिळाली नाही. जाताना तिने बाबांच्या खाटेशी बसलेल्या नसरुद्दीनचा हात धरला.

"मी नसताना काही झालं तर त्यांना एकटं जाऊ देऊ नकोस," ती म्हणाली. "हात धर. काहीतरी म्हण. देवाचं."

"म्हणतो, सिस्टर. तुम्ही जा."

असरची, तिसऱ्या प्रहरची बांग होऊन गेली असेल. बाबांच्या डोक्याला गार लागायचं म्हणून यूनाने त्यांना ती हिरवी टोपी घातली होती. श्वास घरघरायला लागला. नसरुद्दीनने मचव्यावर आणि घरात पुष्कळ माणसं जाताना पाहिली होती. त्याला कळलं. त्याने बटण दाबलं. एक शिकाऊ डॉक्टर धावत आला, नाडी बघितली, मान हलवली आणि सिस्टरला बोलवायला खाली पळाला. आता खोलीत हे दोघं. दारात इद्रीस नावाचा सुदानी वॉर्डबॉय उभा.

काहीतरी म्हण. देवाचं. नसरुद्दीनला देवाचं म्हणून जे येत होतं ते एकच होतं. त्याने बाबांचा हात धरला, कानाशी वाकला आणि सावकाश, रोज सकाळी शब्द द्यायचा तसा, कलमा म्हटला. दुसरा कुठला विचार त्या वेळी त्याच्या मनात नव्हता, हे खरं. होती ती फक्त आई.

बाबांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं, पुरतं ओळखून बघितलं. ओठ हलले, आणि फाटक्या आवाजात पण एकही अक्षर न गाळता त्यांनी तो कलमा म्हटला. एकदा म्हटला, थांबले, पुन्हा म्हटला. मग हात सैल पडला.

नसरुद्दीनला हुंदका आवरेना. आईच्या वेळचं जे छातीत अडकून बसलं होतं ते सगळं एकदम सुटलं. इद्रीस आत धावला. टोपी घातलेला तो चेहरा बघून तोही रडायला लागला, त्याने नसरुद्दीनला मिठी मारली. आणि नसरुद्दीनने काय करावं? तो बाहेर व्हरांड्यात गेला आणि भेटेल त्याला सांगत सुटला. "बाबांनी कलमा म्हटला! माझ्या बाबांनी कलमा म्हटला!" लोक थांबले, त्याचे हात हातात घेतले, कुणी कपाळाचं चुंबन घेतलं. असं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं, असं म्हणाले. त्याला इतका आनंद झाला होता की त्या घटकेला लढाई, कफील, विमान, काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

यूना धावत वर आली तोवर सगळं शांत झालं होतं. तिने बापाचे डोळे मिटले. "एकटे नव्हते ना?" तिने विचारलं.

"मी होतो, सिस्टर. देवाचं म्हटलं. त्यांनीपण म्हटलं."

"थँक यू, नसर," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

दुसऱ्या सकाळी तो गुलाबांना पाणी घालत होता, तर ती अनवाणी हिरवळीवरून आली. चेहरा पांढराफटक. इस्पितळाच्या कचेरीतून तिला निरोप आला होता. आपले वडील जाताना मुसलमान झाले, आपलं अभिनंदन, त्यांना शवागारात ताटकळत ठेवणं बरं नाही, त्यांची अंघोळ आणि नमाज आमच्याकडून होईल, त्यांना इथेच माती देऊ. निरोप आणणारा अगदी अदबीने बोलला होता.

"तू काय म्हणवून घेतलंस त्यांच्याकडून?" तिने विचारलं.

नसरुद्दीनच्या हातातून पाइप गळून पडला. त्याला आत्ता उमगलं. आपल्या गावात म्हाताऱ्याने जाताना कलमा म्हटला तर ते म्हाताऱ्याचं आणि अल्लाचं. घरचे डोळे पुसतात, बास. इथे त्याला दुसरा अर्थ होता, आणि तो अर्थ त्याने स्वतः व्हरांडाभर ओरडून सांगितला होता.

"सिस्टर, मी काय तसं... तुम्ही म्हणालात काहीतरी म्हण..."

"ते तुझ्यामागून सगळंच म्हणायचे! मासळी म्हणायचे! त्यांना काय कळत होतं?" तिने त्याचे दोन्ही दंड धरले. "तुला बोलावणार आहेत, विचारायला. तू सांग की त्यांना शुद्ध नव्हती. पोपटासारखं म्हटलं, असं सांग. मी तुझ्या पाया पडते. तू त्यांना घरी पोचवीन म्हणाला होतास."

"म्हणालो होतो," नसरुद्दीन म्हणाला. "सांगतो, सिस्टर. तुम्ही काळजी करू नका."

इस्पितळाच्या गाडीतून ते दोघं धर्मखात्याच्या कचेरीत गेले. यूना गाडीतच थांबली. वाटभर नसरुद्दीन मनात घोकत होता. शुद्ध नव्हती. कळत नव्हतं. मी म्हणेन ते सगळं म्हणायचे. एवढीच तीन वाक्यं. यात खोटं तरी कितीसं होतं? अर्ध्याहून जास्त खरंच तर होतं.

आत एक वयस्कर मौलवी बसले होते, मेंदीने रंगवलेली दाढी, डोळे थकलेले. ओरडले असते, धमकावलं असतं, तर नसरुद्दीन धडाधड खोटं बोलला असता. पण ते उठून उभे राहिले, त्याला शेजारी बसवलं, स्वतः चहा ओतून दिला.

"हे बघ भाऊ," ते म्हणाले, "वॉर्डबॉय दाराशी होता. जवळ तू एकटा. मुलगी म्हणते, बापाला समज नव्हती. समज नसलेल्याचं बोलणं धरत नाहीत. मला कुणाच्या बापाला ओढून ठेवायचं नाही. तू सांगशील तसं मी लिहीन. शपथही घालत नाही. त्याने कलमा म्हटला?"

"हो."

"तुझ्याकडे बघून?"

"हो."

"मुलगी म्हणते, तू म्हणशील ते सगळं तो मागून म्हणायचा. लहान पोर म्हणतं तसं. खरं आहे?"

आता फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर, आणि बाबा घरी. त्याला ते घट्ट मिटलेले ओठ दिसत होते, भिंतीकडे वळलेली मान दिसत होती. नको ते शब्द म्हाताऱ्याने मरेस्तोवर तोंडातून काढले नव्हते. मग हे कसे काढले? आणि दुसऱ्यांदा तर कुणी सांगितलंही नव्हतं! नसेल समजून म्हटलं, गंमत म्हणून म्हटलं असेल, ह्या वेड्या माळ्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. पण असेलच समजून म्हटलं तर? एका माणसाने जाताना अल्लाचं नाव घेतलं, ते मी पुसून टाकू? कयामतीच्या दिवशी त्या म्हाताऱ्याने समोर उभं राहून विचारलं, नसर, माझी साक्ष का फिरवलीस, तर? आणि नोराने विचारलं तर? दोन्हीकडून तो मेलाच होता. मौलवींनी चहाचा पेला त्याच्याजवळ सरकवला.

"नाही," नसरुद्दीनच्या तोंडून गेलं. "सगळं नाही म्हणायचे. त्यांना हवं तेच म्हणायचे."

"अलहमदुलिल्लाह," मौलवी हलकेच म्हणाले आणि कागद पुढे ओढला.

"पण त्यांना घरी जायचं होतं हो!" नसरुद्दीन उठून उभा राहिला. "रोज म्हणायचे. तेपण लिहा ना. तेपण त्यांनी स्वतःच म्हटलंय, मी नाही म्हणवलं!"

मौलवींनी लिहिणं थांबवलं, त्याच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "ते लिहायला इथे जागा नाही, बाळा," ते म्हणाले.

गाडीशी आल्यावर त्याला काही सांगावं लागलं नाही. यूनाने त्याच्याकडे बघितलं आणि तिला कळलं. ती ओरडेल, थोबाडीत देईल, असं त्याला वाटलं होतं. तिने काच खाली केली.

"मीच तुला म्हणाले होते, काहीतरी म्हण," ती म्हणाली. "मला तुझ्यावर नीट रागावतासुद्धा येत नाही."

जोहरच्या, भर दुपारच्या नमाजानंतर बाबांना नेलं. बायकांनी आत यायचं नव्हतं, म्हणून गाडी कबरस्तानाच्या भिंतीशी उभी केली होती. नसरुद्दीन कबरीत उतरला, बाबांना त्याने स्वतःच्या हाताने उजव्या कुशीवर ठेवलं, आणि तो हमसाहमशी रडला. ज्यांनी बाबांना कधी पाहिलंही नव्हतं ती माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत मातीने भरला होता. यूनाने बसल्या जागेवरून भिंतीपलीकडे बघायचा प्रयत्न केला, पण भिंत उंच होती.

"नीट ठेवलंस ना?"

"नीट ठेवलं, सिस्टर."

मग त्याला विचारावं, त्याला खरोखरच ठाऊक असावं, अशा आवाजात तिने विचारलं, "आता आईला मी काय सांगू?"

नसरुद्दीनने तोंड उघडलं. कोकणीत आठवून पाहिलं, हिंदीत पाहिलं, इंग्रजीत पाहिलं. तो तसाच उन्हात उभा राहिला, आणि ड्रायव्हरने गाडी सुरू केली.